वाढत्या अंगाची रायफल

माझ्या भावानं शिवांगीला आजवर तिच्या मापाची एकही वस्तू घेतलेली नाही. पहिलीतले बूट दोन नंबर मोठे, पुढे कापसाचे बोळे. जॅकेटच्या बाह्या दुमडून दुमडून कोपरापाशी उशा व्हायच्या. सायकल एवढी उंच, की पोरगी सीटवर न बसता लोंबकळतच चालवायची. नऊ वर्षांची असताना शाळेच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती. दोरीच्या दहा पावलं अलीकडे डावा बूट निघाला. बूट मागे राहिला, बोळा पुढे गेला आणि शिवांगी चौथी आली. दादा म्हणाला, "वाढत्या अंगाचं घ्यावं लागतं. पोरं काय थांबून राहतात का?" नागपुरात आम्हा भावंडांनाही तसंच मिळायचं, पण तेव्हा त्याला कारण होतं. अमेरिकेत कॅरी गावी येऊन औषध कंपनीत मोठा साहेब झाल्यावर कारण गेलं, खोड राहिली.

शिवांगी आता एकोणतीस वर्षांची आहे. उंची पाच फूट एक इंच. ती वाढायची थांबली त्याला पंधरा वर्षं झाली, पण तिच्या बापाला अजून ते कुणी कळवलेलं नाही.

ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. तिथल्या डेब नावाच्या नर्सनं तिला शिकारीचा नाद लावला. डेबच्या रायफलीनं तिनं दोन हरणं मारली, स्वतः सोलली, आम्हाला खाऊ घातली. आता तिला एल्क हवं होतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, घोड्याएवढा. कोलोरॅडोतल्या ज्या डोंगरात ती जाणार होती तिथला परवाना सोडतीनं मिळतो. नंबर लागला नाही की एक पॉइंट जमा होतो. तिनं सहा वर्षं पॉइंट जमवले आणि यंदा नंबर लागला. ऑक्टोबरातले पाच दिवस, एक मादी एल्क. शिकार होवो न होवो, पॉइंट शून्यावर.

"आत्या, मिस झालं तर चालेल," ती मला म्हणाली होती. "पण जखमी होऊन पळालं आणि सापडलंच नाही, तर I won't forgive myself. पहिल्या गोळीत पडलं पाहिजे. नाहीतर मारायचंच नाही."

एवढंच तिचं मागणं होतं. डेबची रायफल डेबला लागणार, म्हणून स्वतःची घ्यायला निघाली. दादा म्हणाला, मीही येतो. मग मीही गेले. दादा दुकानात गेला की कुणीतरी शुद्धीवर असलेलं माणूस बरोबर लागतं.

दुकानात लोरेटा नावाची सत्तरीची बाई होती, चष्मा साखळीला टांगलेला. तिनं शिवांगीला वर-खाली पाहिलं, एक छोटी रायफल काढली, दस्ता तिच्या कोपराच्या बेचक्यात टेकवला आणि बोट घोड्यापर्यंत पोचतं का ते बघितलं. पोचलं. "थ्री-ओ-एट," ती म्हणाली. "एवढी गोळी एल्कला पुरते. वर तीन ते नऊ पटीची साधी दुर्बीण लाव." शिवांगीनं रायफल खांद्याला लावली आणि गाल अलगद जागेवर बसला. मी तिला त्या वेळी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बेतून शिवल्यासारखं आलं होतं.

दादानं फोनवर रायफलींची एक्सेल उघडली. अकरा रकाने. त्याच्या मित्रांच्या 'कॅरी कट्टा' ग्रुपनं आठवडाभर खपून बनवलेली. बारा मेंबर, आणि एकानंही जत्रेतल्या फुग्यांपलीकडे कशावर नेम धरलेला नाही. त्यांतला सौमित्र मुख्य तज्ज्ञ, कारण त्यानं व्हिडिओ पाहिले होते.

"मॅम, याच्याहून मोठी?" दादानं विचारलं.

"कोण चालवणार आहे?"

"माझी मुलगी. पण पुढचाही विचार करायला हवा."

लोरेटानं त्याच्याकडे पाहिलं. बोलली शिवांगीशी. "परत ये. मी ही बाजूला ठेवते."

चौथ्या दिवशी दादानं आम्हाला जेवायला बोलावलं. टेबलावर पेटी. आत थ्री हंड्रेड मॅग्नम, कितीतरी मोठ्या गोळीची रायफल, आणि तिच्यावर पाच ते पंचवीस पटीची दुर्बीण, गटाराच्या पाइपाएवढी. दुसऱ्याच दुकानातून आणलेली, सेलमध्ये. बंदूक एकदा दाराबाहेर गेली की परत घेत नाहीत, हे त्यानं घेतल्यानंतर विचारलं.

"बाबा, मी निवडली होती."

"ती छोटीशी? उद्या एल्कहून मोठं मूस मारायला गेलीस तर? अस्वल आलं तर? एकदाच घ्यायची, चांगली घ्यायची. ग्रुपमध्ये बारापैकी अकरा मतं हिला पडली."

"बाराव्याचं काय म्हणणं होतं?"

"देवांग इंडियात आहे. त्यानं बघितलं नाही."

ती उठली. तेव्हा मीच तिचा हात धरला. ही माझी चूक. ती मी दुसऱ्या कुणाच्या खात्यावर टाकत नाही. मी म्हणाले, "एकदा मारून बघ गं. नाहीतर तुझा बाप महिनाभर तोंड फुगवून बसेल." बाईची जात, तडजोडीचा बोळा मीही पुढे केलाच.

शनिवारी शहराबाहेरच्या रेंजवर गेलो. दस्ता लांब, धक्का जबर. म्हणून नीलांबरी वहिनीनं योगा मॅटचा दुहेरी तुकडा दस्त्याच्या टोकाला शिवून दिला होता. बुटात कापूस तसा बंदुकीला स्पंज. त्यानं दस्ता आणखी दीड इंच लांब झाला, हे तिथल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. शिवांगीचा डोळा दुर्बिणीपर्यंत पोचेना. दिसायचं तर मान ताणून पुढे घालावी लागे.

पहिली गोळी वर गेली. दुसरी कुठे गेली कळलं नाही. तिसरीला दुर्बिणीची कड मागे येऊन तिच्या भुवईवर आदळली. रक्त गालावरून ओघळून हनुवटीवर आलं.

मी रुमाल दाबून धरला. दादा म्हणाला, "सवय होईल."

तिथं माझं डोकं फिरलं.

"दादा, तू मार."

"मी?"

"तू. तुझी निवड, तुझी एक्सेल. घे हातात."

"अगं, मला सर्व्हायकल आहे."

"कधीपासून?"

"काय बोलून राहिली तू लोकांसमोर?"

"पोरीचं रक्त निघालं तेव्हा लोक नव्हते का? त्या अकरा जणांना बोलाव. रांगेनं उभे करते. प्रत्येकानं एकेक मारावी. मग मला सांगा सवय होते का!"

त्यानं मारली नाही. गाडीत जाऊन बसला आणि ग्रुपवर लिहिलं, 'Minor adjustment issue.'

खरं नुकसान दुसऱ्या दिवशी कळलं. शिवांगीनं लोरेटाकडून तीच छोटी रायफल आणली, साध्या दुर्बिणीसकट, आणि रेंजवर गेली. घोडा दाबायच्या आत तिचे डोळे मिटायचे, खांदा दचकायचा, गोळी जमिनीत. ज्या मुलीनं दोन हरणं एकेका गोळीत पाडली होती, ती.

"बॉडी शिकली, आत्या," ती म्हणाली. भुवईवर पाच टाके. "मी पेशंटना रोज हेच सांगते. बॉडी एका मिनिटात घाबरायला शिकते. विसरायला महिने लागतात."

हातात सतरा दिवस होते.

ती रोज संध्याकाळी माझ्याकडे यायची. बापाच्या घरी जात नव्हती. रायफल रिकामी करायची, मला दाखवायची, नळीवर एक नाणं ठेवायचं आणि भिंतीवर नेम धरून घोडा दाबायचा. दचकली की नाणं पडायचं. मी सोफ्यावर बसून मोजायचे. पहिल्या दिवशी विसांत एकोणीस वेळा पडलं. आठव्या दिवशी अकरा. निघायच्या आदल्या संध्याकाळी चार.

"चार," मी म्हणाले. "चांगलं आहे की."

 तिनं नाणं उचलून खिशात टाकलं.

शिकारीच्या चौथ्या दिवशी सकाळी तिला एल्क दिसलं. एकशे साठ यार्ड, आडवं उभं, एकटी मादी. डेब मागे दगडाला टेकून बसलेली. शिवांगीनं नेम धरला, बोट घोड्यावर ठेवलं. आणि खांदा कुठेतरी आत आवळला. ही गोळी त्या विसांतल्या चारांपैकी आहे की सोळांपैकी, ते तिला कळेना. तिनं बोट काढलं. एल्कनं मान वर केली, इकडे तिकडे पाहिलं आणि झाडीत निघून गेलं. पाचव्या दिवशी बर्फ पडत राहिलं, काही दिसलं नाही.

रविवारी वहिनीनं सगळ्यांना बोलावलं. तिनं एल्कच्या मटणासाठी सावजी मसाला आधीच कुटून ठेवला होता. तो कोंबडीत घातला.

"दिसलं, आणि मारलं नाहीस?" दादा म्हणाला. "सहा वर्षांचे पॉइंट!"

"हो."

"म्हणूनच म्हणत होतो. मॅग्नम असती तर कुठेही लागलं असतं तरी पडलं असतं."

वहिनीच्या हातातली पळी भांड्यातच थांबली. मी तोंड उघडलं, पण शिवांगीनं माझ्याकडे बघून मान हलवली. ती गॅरेजमध्ये गेली, पेटी उचलून आणली आणि दादाच्या ताटाशेजारी ठेवली.

"ही तुमची, बाबा. कुठेही लागलं तरी चालतं, असं मला नाही चालत." तिचा आवाज चढला नव्हता. मला तिनं ओरडलेलं बरं वाटलं असतं. "आणि मी एवढीच आहे. पाच फूट एक. I'm done growing. वाट बघणं बंद करा."

दादानं पेटीकडे पाहिलं, मग तिच्या भुवईकडे. टाके निघाले होते, व्रणाची कोर राहिली होती.  

वहिनी कात्री घेऊन आली. पेटी उघडून तिनं दस्त्याचे टाके एकेक करून उसवले आणि स्पंज काढला.

"टाकू नको," दादा म्हणाला. "कशाला तरी लागेल."

 स्पंज घेऊन वहिनी मागचं दार उघडून बाहेर गेली, आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण आपटल्याचा आवाज आम्हाला आतपर्यंत आला.