बोटभर माया

ज्या वर्षी माझी मोठी जाऊ वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी नवऱ्याशी भांडून भावाकडे राहायला गेली, त्या वर्षातली ही गोष्ट. भांडण पंख्यावरून झालं होतं. भाऊजींना पंखा पाचवर लागायचा, तिला दोनवर. सगळं घर तिची समजूत काढायला धावलं होतं, त्यामुळे माझ्या नातीच्या नावाचं पत्र आलं तेव्हा ते घ्यायला घरात माझ्याखेरीज कुणी नव्हतं.

नात म्हणजे माझ्या लेकीची लेक. वय बावीस. लेक-जावई नोकरीपायी लांब, म्हणून ही माझ्याकडे राहायची. ती बॅले नाचायची. बॅले म्हणजे काय, ते आमच्या इमारतीत कुणाला नीट सांगता आलं नाही. पायाच्या अंगठ्यांवर उभं राहायचं, चेहरा असा ठेवायचा की कुठे काही दुखतच नाही, आणि एवढं करून पोट मात्र भरायचं नाही, इतकं मला कळलं होतं. पोट भरायला ती सकाळी सात ते दोन लाँड्रीत इस्त्री करायची आणि तीनपासून तालमीला जायची. लाँड्रीचे मालक तिला ‘अधांतरी’ म्हणत. “काय अधांतरी, आज जमिनीवरून आलीस की वरून?” हा त्यांचा रोजचा विनोद. ती रोज हसायची, कारण पगार तेच देत होते.

मी वाचायला शिकले तेव्हा माझी साठी उलटली होती. त्यामुळे घरात आलेला कागद, कुणाचा का असेना, मी सोडत नाही. पत्र थिएटरच्या नृत्यमंडळाकडून होतं. लिहिलं होतं, ‘आपले नाव राखीव यादीत समाविष्ट करण्यात येत आहे. यादी ३० जूनपर्यंत ग्राह्य राहील.’

राखीव हा शब्द मला चांगला ठाऊक होता. बसमध्ये खिडकीवर लिहिलेला असतो. त्या जागेवर भलतं कुणी बसलं तर त्याला उठवता येतं. मी तशीच चपला घालून बाहेर पडले. तीन मजल्यांवर सांगितलं आणि थेट लाँड्रीत जाऊन मालकांनाही सांगितलं, “पोरीची जागा राखून ठेवलीय त्यांनी. पक्की.” मालकांनी माझे हात हातात घेतले, शेजारच्या दुकानातून बिस्किटांचा पुडा आणला, आणि माणूस व्यवहारी, त्याच दुपारी मोठ्या वाफेच्या प्रेसवर नातीच्या जागी नवी बाई ठेवली.

संध्याकाळी नातीने पत्र वाचलं. पाठीवरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती.

“आजी, राखीव म्हणजे जादा गं.”

“म्हणजे?”

“तिथे सोळा जणी आहेत. त्यातली कुणी पडली, मोडली, पळून गेली, तर मला बोलावतील. माझं नाव पहिलं आहे.”

“आणि कुणीच नाही पडलं तर?”

“तीस जूनला यादी रद्द.”

“मग बसमध्ये असं खोटं कशाला लिहितात?” मी म्हटलं. तिने पाठीवरची पिशवी उतरवली.

दुसऱ्या दिवशी मालक डोकं खाजवत म्हणाले, “आजी, आता मी काय करू? तुम्हीच म्हणालात पक्की. त्या बाईला मी शब्द देऊन बसलो.” शेवटी नात मोठ्या प्रेसवरून हातइस्त्रीवर आली, पगार पाऊण झाला, आणि चूक माझी म्हणून मीही आठवड्यातल्या तीन दुपारी लाँड्रीत हूक-बटणं लावायला जाऊन बसू लागले.

हातइस्त्रीला नाजूक कपडे यायचे, आणि गावातले सगळ्यात नाजूक कपडे थिएटरचे. ते आमच्याच लाँड्रीत यायचे. त्यामुळे झालं असं की ज्या सोळा जणींपैकी कुणीतरी पडावं म्हणून आम्ही वाट बघत होतो, त्यांच्याच झग्यांचे घेर माझी नात वाफ देऊन फुलवत होती. प्रत्येक चोळीच्या आत शाईने आकडा असायचा. आम्ही त्यांना आकड्यांनीच ओळखायचो. नऊ नंबरला घाम फार. तीन नंबर पावडरचे डाग पाडते. बारा नंबर लिपस्टिक चोळीला पुसते आणि कबूल होत नाही.

मी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही, जाऊ सोडून. पण त्या एप्रिलात मी रोज विचारायची, “काय गं, कुणी घसरलं का?”

“आजी!”

“अगं, काळजीने विचारते.”

एकदा ती म्हणाली, अकरा नंबरचा घोटा सुजलाय. मी दोन दिवस देवापुढे जरा जास्तच वेळ बसले. तिसऱ्या दिवशी अकरा नंबर टुणटुणीत. देव कुणाचं ऐकतो ते काही कळत नाही.

मेच्या मध्यावर एका दुपारी सात नंबर स्वतःच लाँड्रीत आली. गालफडं बसलेली, मनगट केरसुणीच्या काडीएवढं. पिशवीतून चोळी काढून हळूच म्हणाली, “आजी, दोन बोटं सैल कराल? थिएटरच्या शिंपिणीकडे नको. जेवण वाढलंय माझं.”

मी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “जेवण एकाच जागी जातंय वाटतं. कितवा?”

तिने मागे वळून दार बघितलं. “तिसरा लागेल.” मग एका दमात सगळं बोलली. दोन वर्षांचा करार तीस जूनला संपतो. एक जुलैपासून ती कायम होणार. कायम झाली की पगारी रजा, आणि जागा कुठे जात नाही. त्याआधी कळलं तर कुणी तिला काढणार नाही, फक्त कायम करणार नाहीत. “दीड महिना, आजी. तेवढा निभावला पाहिजे.”

मी मान डोलावली. तीस जून ही तारीख आमच्या घरीही भिंतीवर लाल पेनने गोल केलेली होती, हे मी तिला सांगितलं नाही.

शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. पुढे माणूस सुटलं तर ती कामाला येते. सात नंबरच्या चोळीत माया भरपूर होती. मी दोन बोटं सोडली आणि हूक सरकवले.

घरी येऊन नातीला सांगितलं, तर म्हणते, “माहीत आहे. तिच्या चोळीच्या शिवणी ताणलेल्या होत्या. मागच्या आठवड्यातच इस्त्री करताना दिसल्या.”

“मग?”

“मग काय? घेराला वाफ दिली.”

मालकांच्या कानावर हे गेलंच. दुकान केवढंसं, आणि प्रेस बंद असली की सगळं ऐकू येतं. ते काउंटरवर ओणवे होऊन म्हणाले, “अधांतरी, एक फोन कर. नाव सांगायचं नाही. म्हणायचं, सात नंबरचं जरा वजन करा. संपलं काम.”

“मालक, आपल्याकडे येणाऱ्या कोटांच्या खिशात काय काय सापडतं?”

“ते इथे कशाला आता?”

“कधी कुणाच्या बायकोला फोन केलात?”

“छे! तो धंदा आहे.”

“हाही धंदाच आहे,” ती म्हणाली आणि इस्त्रीत पाणी भरायला गेली. मालक माझ्याकडे बघून म्हणाले, “आजी, ही पोरगी उपाशी मरणार.” मलाही तेच वाटत होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सात नंबर पुन्हा आली. आणखी एक बोट. मी सोडलं. सतरा जूनला ती तिसऱ्यांदा आली. ओठ पांढरे पडलेले. चोळी हातात घेऊन मी उलटसुलट केली, आणि म्हटलं, “माया संपली, बाई.”

तिला शिवणकामातलं काही कळत नव्हतं. ती एकदम रडवेली झाली. “असं नका म्हणू, आजी. मी काय केलं तुमचं?”

“अगं, कापड म्हणतेय मी.”

“कापड?”

“आतलं. संपलं. आता सुटत नाही.”

ती धुतलेल्या कोटांच्या रांगेजवळच्या खोक्यावर बसली. मग चोळी तिथेच ठेवून गेली. इस्त्रीला राहू दे म्हणाली. कायम होण्याला चौदा दिवस होते आणि चोळीत दोन्ही कुशींना बोटबोट माया शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी नातीने इस्त्रीसाठी चोळी उलटी केली आणि तशीच माझ्यासमोर आणून धरली.

“सात नंबरला काय सांगितलंस?”

“काय सांगायचं? बसत नाही म्हटलं.”

“आजी, इथे बोटभर माया आहे. आणि इथेही.”

“हळू बोल. चोळी अंगात बसली नाही तर तिला उद्या-परवा सांगावंच लागेल. जागा मोकळी होईल. पहिलं नाव तुझं. मी कुणाच्या पायात पाय घातला का? फक्त सुई खाली ठेवली.”

“म्हणजे उद्या माझ्या चोळीची माया कुणीतरी अशीच संपवणार.”

“तुझ्या अंगात चोळी चढेल तेव्हा ना!”

हे मी बोलायला नको होतं. तिने माझ्या डब्यातलं ब्लेड उचललं आणि स्वतःच शिवण उसवायला लागली. नाचणाऱ्या मुलींना आपल्या बुटांच्या पट्ट्या शिवता येतात, त्यापलीकडे शिवणात त्यांची मजल नसते. दोन मिनिटांत तिने रेशमाचा काठ फाडला आणि अंगठा कापून घेतला.

“आण इकडे,” मी म्हटलं. “मेले, कापडाला रक्त लावशील. लोक म्हणतील हिची आजी असं शिवते.”

मी दोन्ही कुशी बोटभर सोडून शिवलं. फाटलेला काठ असा लपवला की शिवणाऱ्यालाही सापडू नये. चोळी तीनच्या गाडीने थिएटरला गेली.

तीस जूनला आम्ही दोघी घरी फोनसमोर बसलो. संध्याकाळी वाजला. जाऊ होती. विचारत होती, भाऊजी आता पंखा कितीवर ठेवतात.

एक जुलैला सात नंबर कायम झाली. तीन जुलैला तिने रजेचा अर्ज दिला. चार जुलैला थिएटरच्या लक्षात आलं की वीस तारखेला नवा खेळ लागतोय, त्यानंतर दौरा आहे, आणि मुली पंधराच आहेत. नात कचेरीत गेली. कारकुनाने यादी काढून तिच्यासमोर ठेवली. पहिलं नाव तिचंच.

“यादी आहे,” तो म्हणाला, “पण ग्राह्य नाही.”

“मग?”

“नव्याने परीक्षा.”

परीक्षेला तीसेक मुली आल्या. त्यातल्या तीन उरल्या, माझी नात धरून. दिग्दर्शिका बाईंना दौऱ्याची घाई. नवा पोशाख शिवायला वेळ नाही, त्या रंगाचं रेशीमही मिळत नाही. त्या म्हणाल्या, तिघी सारख्याच चांगल्या आहेत, सात नंबरचा पोशाख जिला बसेल ती घ्या. पंधरा वर्षं अंगठे सोलून घेतल्यावर गोष्ट शेवटी कमरेवर आली.

पोशाख लाँड्रीत आला. शिंपिणीला दौऱ्याचीच कामं झेपत नव्हती. सोबत चिठ्ठी होती, ‘चोळी मूळ मापात घ्यावी.’ मी ती दोनदा वाचली. मूळ माप कुणाचं, ते चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. आपल्या नातीचं मूळ माप मला पाठ होतं. शाळेचे फ्रॉक मीच शिवलेले. पाठ लांब, खांदे अरुंद, डावी कूस उजवीपेक्षा किंचित आत. मी दोन दुपारी बसून चोळी आत घेतली. आणि या वेळी आतलं जादा कापड कापूनच टाकलं, म्हणजे ऐनवेळी कुणाला सोडता येऊ नये.

इस्त्री नातीनेच केली. चोळी उलटी केली आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

“आजी, माया नाही ठेवलीस.”

“जागा नव्हती.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी दाताने दोरा तोडत होते. मग तिने इस्त्रीची वाफ सोडली आणि काम पुरं केलं. हँगरला चिठ्ठी लावली, तीसुद्धा सरळ लावली.

पहिल्या मुलीचे हूक लागले नाहीत. दुसरीचे लागले, पण हात वर जाईनात. तिसरी माझी नात. दिग्दर्शिका बाई म्हणाल्या म्हणे, “अगदी हिच्यासाठी बेतल्यासारखी!” सहा महिन्यांचा करार झाला. पगार हातइस्त्रीपेक्षा थोडा कमी.

वीस जुलैला पहिल्या खेळाला मालक आणि मी गेलो. मालकांनी स्वतःचा सदरा स्वतः इस्त्री केला होता. वर, सगळ्यात मागे बसलो.

“आपली कुठली?”

“मागच्या रांगेत. डावीकडून पाचवी.”

त्यांनी बराच वेळ टक लावून पाहिलं. मग माझ्या कानात म्हणाले, “दहा नंबरच्या घेराला वाफ कमी पडलीय. त्या नव्या बाईच्या हाती दिला असणार.” मध्यंतरात म्हणाले, “आजी, हे करून ही सकाळी सातला माझ्याकडे उभी राहायची?”

“दोनपर्यंत.”

“मग स्टूल तरी मागायचं!” ते खरोखर रागावले होते.

चार दिवसांनी नात दौऱ्यावर गेली.

मालक त्याच वर्षी बावीस ऑक्टोबरला, गुरुवारी सकाळी, दुकानाचं शटर वर करताना कोसळले आणि इस्पितळात पोहोचण्याआधीच गेले. वय एकोणसाठ. नात तेव्हा दौऱ्यावरच होती; तिला मी शनिवारी, त्या गावातला शेवटचा खेळ संपल्यावर कळवलं.