कडूबाईची लागर

कडूबाईला हे नाव तिच्या मामांनी ठेवलं. लहानपणी ताप आला की घरातली बाकीची पोरं कडू औषध थुंकायची, आणि ही चमचा चाटून पुन्हा मागायची. पुढे ती मामांच्याच ब्रूअरीत काम शिकली, दुसऱ्या ब्रूअरीत मुख्य ब्रूअर झाली, कानाशी केस पिकायला लागले, तरी नाव काही सुटलं नाही. तिलाही ते आवडायचं.

सहा वर्षांपूर्वी तिनं स्वतःची एक बिअर काढली. रंग फिका, अंग हलकं. यीस्ट लागरचं, म्हणजे थंडीत सावकाश काम करणारं, त्यामुळे सहा आठवडे टाकीत गारठवून ठेवायची. आणि शेवटी हॉप्सची कडवट, घमघमणारी फुलं अशी सढळ हातानं घालायची की ग्लास नाकाशी नेण्याआधीच वास यावा. पिणारे खूश होते. कागदावर मात्र या बिअरला घर नव्हतं. दरवर्षीच्या स्पर्धेत लागरच्या वर्गात पाठवली की परीक्षक लिहायचे, ‘हॉप्सचा वास फार.’ पेल एलच्या वर्गात, म्हणजे उबेत झटपट होणाऱ्या, फळांच्या चवीच्या बिअरमध्ये पाठवली की लिहायचे, ‘अंगात दम नाही.’ सहा वर्षं नुसतं तळ्यात मळ्यात. आता उंटाला बैलांच्या शर्यतीत पळवायचं आणि वर ‘पाठ वाकडी’ असा शेरा मारायचा, ही कुठली रीत?

या वर्षी मात्र पाणी गळ्याशी आलं. मालकीणबाईंनी ऑफिसात बोलावून आधी खुर्ची दिली, तेव्हाच कडूबाईनं ओळखलं.

“हे बघ, तुझी एक लागर टाकी अडवून बसते, तेवढ्यात माझ्या तीन पेल एल निघतात,” मालकीणबाई म्हणाल्या. “सहा वर्षं मी कळ काढली. स्पर्धेच्या समितीनं या बिअरचा वेगळा वर्ग मानला तर टाकी तुझी. नाही मानला तर ही शेवटची खेप.”

“मानतील.”

“एवढी खात्री?”

“बाई, ती वेगळी आहे. आहे ते आहे म्हणायला भीती कसली?”

अर्ज गेला. बिअरचे प्रकार ठरवणारी ती पाचजणांची समिती, आणि तिचे अध्यक्ष कोण, तर मामा! मामांचं मत सगळ्या धंद्याला पाठ होतं. “कानामागून आली आणि तिखट झाली,” ते म्हणायचे. “लागर म्हणजे लागर. तिच्यात फुलं कोंबली की झाली ती थंडीत कुडकुडणारी पेल एल. तिला वेगळा वर्ग दिला तर उद्या कोणी मीठ घालून आणेल, त्यालाही द्या!” मामांनी चाळीस वर्षं एकच बिअर केली होती. फिकी लागर, एक नळ, एक चव. भाची म्हणून ते तिला सूट देतील, असं ज्याला वाटलं असेल त्यानं मामांना पाहिलं नव्हतं.

समितीनं परीक्षा ठरवली ती अशी. कडूबाईनं दोन बिअर करायच्या. धान्य तेच, पाणी तेच, हॉप्स तेच. एक तिची लागर, दुसरी पेल एल. फरक फक्त यीस्टचा आणि थंडीचा. मग काळ्या काचेचे तीन ग्लास, म्हणजे रंगावरून कळायला नको. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा.

“आणि जी म्हणते वेगळी आहे, तिनं आधी ओळखून दाखवायचं,” मामा म्हणाले. “तिलाच कळलं नाही तर आमचा वेळ कशाला?”

“कबूल,” कडूबाई म्हणाली.

परीक्षा मामांच्या ब्रूअरीत, सकाळी अकराला. त्या दिवशी कडूबाईनं चहा घेतला नाही, दातही नुसत्या पाण्यानं घासले. लांबलचक स्टीलच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला होता. पलीकडे समितीचे चौघं, त्यांत पेल एल करणारे एक दाढीवाले गृहस्थ सगळ्यांत पुढे. भिंतीशी मालकीणबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

ओतायला मामांनी कोणालाच हात लावू दिला नाही. “दोन नळ घेतले तर ही फेसावरून ओळखेल,” म्हणाले, “एकाच नळातून काढतो.” दोन्ही केग, म्हणजे बिअरची पिंपं, मागच्या कोल्ड रूममध्ये ठेवले होते. तिथून लांब नळी, परीक्षेसाठी मुद्दाम नवी कोरी घातलेली, भिंतीतून बारच्या नळाला येते. पडदा ओढून त्यांनी तीन ग्लास भरले, वेगळा कोणता ते चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि ट्रे तिच्यासमोर ठेवला.

कडूबाईनं पहिला ग्लास उचलला. वास घेतला, घोट घेतला. ही माझी. पाणी प्यायली. मधला उचलला. हीपण माझी. मग तिसरा सोपा, वेगळा तोच असणार. तिनं तिसरा नाकाशी नेला.

हीसुद्धा माझीच.

 जिभेनं आजच दगा दिला की काय? तिनं पुन्हा पाणी घेतलं, थोडी थांबली, उलट्या क्रमानं तिन्ही ग्लास पुन्हा चाखले. ती पेल एलही तिनंच केली होती. तिच्यातला पिकल्या फळाचा गोडसर वास ती झोपेतही ओळखली असती. इथे तो वास कुठेच नव्हता. तिनं ग्लास खाली ठेवला.

“तिन्ही एकच आहेत,” ती म्हणाली. “तिन्ही माझी लागर.”

दाढीवाले हसले. “नाचता येईना, अंगण वाकडं!”

“अगं, एक वेगळा आहे,” मामा म्हणाले. “नियमच तो आहे. एकाला बोट लाव.”

“नाही आहे, मामा.”

मालकीणबाईंना राहवलं नाही. “ठोकून दे गं एखादा! तिनातला एक तर आहे.”

“बाई, नेम लागला तरी तो माझा नाही. मी जे चाखलं तेच सांगणार.”

मामांनी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर उलगडली. ‘मधला.’ समितीतल्या एकीनं च्च केलं. मालकीणबाईंनी डोळे मिटले. सहा वर्षांची बिअर त्या चिठोऱ्यावर संपली, असं खोलीतल्या सगळ्यांना वाटलं. कडूबाई सोडून.

“मधला चाखा, मामा,” ती म्हणाली. “मग पहिला चाखा. आणि मग मला सांगा.”

“मीच ओतलेत. मला काय सांगतेस?”

“ओतलेत हो. चाखले नाहीत.”

मामांनी रागानंच मधला ग्लास उचलला आणि घोट घेतला. मग पहिला घेतला. मग पुन्हा मधला.  ग्लास ठेवून ते पडद्यामागे गेले. नळातून पाणी सोडल्यासारखी धार पडत राहिली, बराच वेळ.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. नळी लांब असते, तिच्यात दोन-तीन ग्लासभर बिअर कायम अडकलेली असते. केग बदलला की आधी ती काढून टाकायची, नाहीतर नळातून जुनीच बिअर येते. हे कोणत्याही बारमधल्या माणसाला ठाऊक असतं. मामांना नव्हतं असं नाही. पण चाळीस वर्षं त्यांच्या नळीत लागरमागून तीच लागर आली होती. काढून टाकायचं कशासाठी? हाताला सवयच नव्हती. त्यांनी कडेचे दोन ग्लास कडूबाईच्या लागरनं भरले, केग बदलला, आणि मधला भरला तो नळीत उरलेल्या त्याच लागरनं.

हे फक्त मामांना कळलं होतं. कडूबाईला कळत होतं ते एवढंच, की पडद्यामागे मामा उभे आहेत आणि बाहेर येत नाहीत. मामा गप्प बसले असते तर जिंकलेच होते. चिठ्ठी त्यांची, नियम त्यांचा, अध्यक्षही तेच.

ते बाहेर आले. कान लाल झाले होते.

“नळी धुतली नाही मी,” ते म्हणाले. “तिन्हींत एकच होती. हिनं ओळखलं, मी नाही ओळखलं. लाज वाटते मला.”

दाढीवाल्यांचं हसू जागच्या जागी जिरलं. मामांनी नवे तीन ग्लास भरून आणले. कडूबाईनं एकदाच वास घेतला आणि डावा ग्लास पुढे सरकवला. घोटही घेतला नाही. मग समितीतल्या चौघांना बसवलं. तिघांनी बरोबर ओळखलं. चौथे दाढीवाले, ते चुकले, आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघायचं सभ्यपणे टाळलं.

तरी ते हटेनात. “पेल एल नाही हे मान्य. मग लागर म्हणा! वेगळा वर्ग कशाला?”

मामांनी स्वतःच्या लागरचा ग्लास आणून तिच्या लागरशेजारी ठेवला. “घ्या वास. यात कोणी गोंधळेल? ही माझी. गेल्या चाळीस वर्षांत हिला असा वास आला असता तर मी टाकी ओतून दिली असती. आणि ही तिची. हिला हा वास नसेल तर ती ओतून देईल. एकीचा गुण तो दुसरीचा दोष. मग दोघींना एका मापानं मोजायचं कसं? एल नाही, माझ्यासारखी लागर नाही. तिला दाराबाहेर उभं ठेवणारे आपण कोण?”

हात वर झाले. चार विरुद्ध एक. वर्ग उघडला. मालकीणबाई उठून कडूबाईला कडकडून भेटल्या आणि म्हणाल्या, “टाकी तुझी, बाई, टाकी तुझी.” कडूबाई हसत होती. मानतील म्हणाली होती, मानलं.

मंडळी गेल्यावर ती ग्लास विसळायला सिंकपाशी उभी राहिली. मामा शेजारी येऊन उभे राहिले, हातात फडकं घेऊन.

“दर खेपेला तू सहा बाटल्या पाठवायचीस,” ते म्हणाले.

“हो. तुम्ही कधी काही बोलला नाहीत.”

“शेजाऱ्यांना द्यायचो मी.”

कडूबाईचा हात थांबला. “सगळ्या?”

“सगळ्या. सहा वर्षं नुसते परीक्षकांचे शेरे वाचून भांडलो तुझ्याशी. आज पहिला घोट घेतला.”

तिला इतका राग आला की ग्लास हातातून निसटता निसटता राहिला. “प्रत्येक वेळी मी तुमच्या फोनची वाट बघायचे, मामा! बाकीचे काय म्हणतात याची मला काडीची पर्वा नव्हती. तुम्ही चाखून वाईट म्हणाला असतात तरी चाललं असतं.”

“वाईट म्हणायची भीती नव्हती गं,” मामा म्हणाले. “आवडली तर काय, ही भीती होती. मग चाळीस वर्षं मी एकच का केली, ते स्वतःला विचारावं लागलं असतं.”

 नळ तसाच वाहत होता. मग तिनं हळूच विचारलं, “आवडली?”

“फार,” मामा म्हणाले. “फार चांगली केलीस, पोरी.”

वर्ग मिळाला, टाकी मिळाली, तेव्हा कडूबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आता मात्र ती ओल्या हातांनी तोंड झाकून रडली, आणि मामा फडकं हातात धरून तिथेच उभे राहिले.