चारशे बाराचा रंग

काळा रंग ओळखायला काय अक्कल लागते हो? शेंबड्या पोरालाही कळतो. पण एका काळ्या साडीनं आमच्या पेढीवर सगळ्यांची अक्कल काढली, आणि त्यात सगळ्यात नालायक मी निघालो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं ऐकताना कुणाला माझी कीव यायला नको.

मी भटू बोरसे, मूळचा पारोळ्याकडचा. सुरतेत रिंग रोडच्या मार्केटात जयंतीशेठची साड्यांची पेढी आहे, तिथं साड्यांचे फोटो काढायचं माझं काम. चौदा वर्षं मी रोलवाल्या कॅमेऱ्यावर काढली. एक साधी लेन्स आणि एक लांब पल्ल्याची, ती मुंबईच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुनी घेतलेली. त्या लेन्समधून काठाची जर अशी दिसायची की व्यापारी फोटोवरून बोट फिरवायचे. आता हे मीच सांगतोय, पण दुसरं सांगणारं कोण आहे?

चिंधाभाऊ आमच्याच गावचा. सुरतेजवळच्या सचिन गावात शेठची लहानशी मिल होती, तिथं तो डाइंग मास्तर. बावीस वर्षं कापड रंगवलं त्यानं. मला सुरतेत आणलं त्यानंच. लिंबायतला त्याच्या एका खोलीत मी दोन वर्षं पडून होतो, कलाबाई वहिनीच्या हातच्या कळण्याच्या भाकरी खात होतो, आणि शेठपुढं मला उभं करताना ‘पोरगा आपला आहे’ एवढंच तो बोलला होता. कापड चिमटीत धरून खिडकीकडं करायचा आणि सांगायचा, यात निळा जरा जास्त पडलाय. कधी चुकला नाही. मिलमधले केमिकलवाले साहेबसुद्धा त्याला विचारून डबा उघडायचे.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात शेठचा मुलगा निमेष सिंगापूरहून डिजिटल कॅमेरा घेऊन आला. विटेएवढा, आणि बाजूच्या फटीत फ्लॉपी घालायची. एका फ्लॉपीत पंधरा-वीस फोटो मावायचे, की काढा आणि दुसरी घाला. निमेष म्हणाला, आता रोल नाही, धुणं नाही, वाट बघणं नाही, इकडं काढला की तिकडं परदेशात पोचला. मी विचारलं, माझी लांब लेन्स याला बसेल का? तो हसला. याची लेन्स निघतच नाही म्हणे. घ्या! ज्या कॅमेऱ्याचा डोळा बदलता येत नाही, तो जगातला सगळ्यात भारी कॅमेरा.

जवळून फोटो काढला की साडीचा सरळ काठ धनुष्यासारखा वाकायचा. मग मी भिंतीला पाठ लावून लांब उभा राहायचो आणि झूम करायचो. उजेड कमी पडला की फोटोत मुंग्या दिसायच्या, म्हणून निमेषनं हजार-हजारचे दोन हॅलोजन आणले. त्या खोलीत माणूस पापडासारखा भाजून निघायचा. मी कुरकुर केली, पण आठ दिवसांत सगळं शिकून घेतलं. निमेषच्या कॉलेजचे दोन मित्र त्या कॅमेऱ्यावर डोळा ठेवून होते. मी शिकलो नसतो तर माझ्या जागेवर त्यांच्यातला एक बसला असता, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्या पितृपक्षात चारशे बारा नंबरचा पीस आला. काळी साडी, सोनेरी काठ. आपल्याकडं संक्रांतीला काळी नेसतात म्हणून जळगाव, धुळ्याचे व्यापारी दरवर्षी मागतात. गुजरात्यांमध्ये शुभकार्याला काळ्याचं नाव काढत नाहीत, त्यामुळं हा माल फक्त आपल्याच लोकांचा. मी हॅलोजन लावले, फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर बघितला, तर साडी मरून!

मला वाटलं, पीसच दुसरा टांगला. परत बघितलं. काळीच. परत काढला. मरून. मग मी माझ्या टेरिकॉटच्या काळ्या पँटचा फोटो काढला, तीही मरून. कॅमेऱ्याची चामड्याची बॅग मात्र काळीच आली. म्हणजे चामडं त्याला कळत होतं आणि सुरतेचं कापड कळत नव्हतं. हॅलोजन बंद करून ट्यूबलाइटवर काढला तर काळी आली, पण अंधारी आणि मुंग्यांनी भरलेली.

मी निमेषला बोलावून सगळं दाखवलं. तो म्हणाला, स्क्रीनचा दोष असेल. मी म्हटलं, अहो, हातच्या कांकणाला आरसा कशाला, साडी इथं समोर टांगलीय. त्यानं साडीकडं बघितलंसुद्धा नाही. पार्टी डिझाइन बघते, रंग कोण बघतो, म्हणाला, आणि उलट हाच फोटो छान दिसतोय. ट्यूबलाइटवाला त्यानं पुसून टाकला आणि हॅलोजनवाला परदेशातल्या व्यापाऱ्यांना ईमेलनं पाठवून दिला. खाली नंबर तेवढा लिहिला, रंग लिहिलाच नाही. मी मूग गिळून बसलो. मालकाच्या पोराला दोनदा कोण शिकवतो?

दिवाळीनंतर इंग्लंडहून, लेस्टरच्या एका गुजराती व्यापाऱ्याकडून ऑर्डर आली. लग्नसराईसाठी चारशे बारा, सहाशे नग. निमेषनं पेढे वाटले. सचिनच्या मिलला चिठ्ठी गेली, ‘४१२, नग सहाशे, फोटोप्रमाणे.’ मिलमध्ये कॉम्प्युटर कुठला? फोटो तिथं कुणी बघितलेलाच नव्हता. पहिला पीस तर केव्हाच जळगावच्या मालाबरोबर गेला होता. चिंधाभाऊकडं वहीत चिकटवलेला त्याचा तुकडा होता, काळा. तरीही त्या बिचाऱ्यानं रविवारी घरी येऊन मला विचारलं, चारशे बारा काळीच ना?

मी म्हटलं, काळीच. मीच फोटो काढलाय.

त्या वेळी मला तो मरून फोटो आठवला नाही, असं म्हणायची माझी फार इच्छा आहे. पण आठवला होता. थोडं चुकचुकलं मनात. लेस्टरवाल्यानं नेमकं काय बघून मागवलंय, एकदा विचारावं असं वाटलं. पण विचारायचं म्हणजे निमेषपुढं जायचं, आणि तो म्हणणार, भटूभाई, तुम्हाला डिजिटल जमत नाही. मी चिंधाभाऊला चहा पाजला आणि विषय सोडून दिला.

सहाशे काळ्या साड्या लेस्टरला पोचल्या. लग्नाच्या घरांत काळं! त्या व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा शेठ नुसते ‘हा, हा’ करत उभेच होते. तो म्हणे, आमच्या पोरींची लग्नं आहेत की बारावं आहे? दुसऱ्या दिवशी शेठनी चिंधाभाऊला पेढीवर बोलावलं. तो मिलच्याच कपड्यांत आला, काखेत ती तुकड्यांची वही. गादीवर शेठ, शेजारी निमेष, आणि दारापाशी मी. निमेषनं फोटोचा कागद पुढं टाकला. कागदावर मरून साडी. मरून मागितली आणि काळी रंगवली, बावीस वर्षांत डोळे गेले का याचे, असं तो म्हणाला.

चिंधाभाऊनं वही उघडून तुकडा दाखवला. निमेष म्हणाला, हा मागाहून चिकटवला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! कारण निमेषला माहीत होतं. मी त्याला पँटचा फोटोसुद्धा दाखवला होता. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्या खोलीत दोघांनाच माहीत नव्हतं. एक शेठ, दुसरा चिंधाभाऊ.

चिंधाभाऊ घाबरला नव्हता. तो शेठना म्हणाला, मी भटूला विचारून रंगवली, त्यालाच विचारा. इतक्या भरवशानं म्हणाला, की आजही ते आठवलं की मला माझ्या थोबाडात मारावीशी वाटते.

शेठनी चष्मा काढला. शेठ माणूस वाईट नाही. खरं सांगितलं असतं तर त्यांनी पोराला झापलं असतं, आणि कदाचित मलाही, की तुला दिसत होतं तर गप्प का बसलास. कदाचित माझी नोकरी गेली असती, कदाचित नसतीही. निमेष माझ्याकडं बघत नव्हता, खिशातली किल्ली फिरवत होता.

“भटू, तू बोल,” शेठ म्हणाले. “साडी काळी हती के मरून?”

“फोटामां छे ए ज, शेठ.”

फोटोत आहे तीच. एवढंच बोललो. पुढं, रविवारी चिंधाभाऊनं काही विचारल्याचं आठवत नाही, हेही बोललो. तेही गुजरातीतच. चिंधाभाऊनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, शिव्या देईल, वही फेकून मारेल. त्यानं वही मिटली, काखेत घातली आणि जिना उतरून गेला.

त्याला काढलं ते काढलंच. शिवाय सचिनच्या मिलांमध्ये बातमी पसरली की मास्तरचे डोळे गेले. रंगाच्या माणसाबद्दल एकदा असं बोललं गेलं, की त्याला कापड कोण देणार? चार महिने तो दारोदार फिरला. कलाबाई वहिनी रस्त्यात दिसली की मीच गल्ली बदलायचो. मग ऐकलं, खोली सोडून ते चलथाणला गेले, साखर कारखान्यात तो उसाच्या गाड्या उतरवायला लागला. माझी नोकरी मात्र पक्की झाली. निमेष मला ‘भटूभाई’वरून ‘बोरसेजी’ म्हणायला लागला.

पुढच्या दिवाळीत निमेषनं नवा कॅमेरा आणला. फ्लॉपी नाही, नखाएवढं कार्ड. लेन्स चांगली, काठ वाकत नव्हता. गोदामात परत आलेल्या मालातली एक चारशे बारा काढून मी त्याच हॅलोजनखाली टांगली आणि फोटो काढला. काळी आली. काळी कुळकुळीत. निमेषनं इंटरनेटवर वाचलं होतं. म्हणाला, जुन्या कॅमेऱ्याला दिव्यातली उष्णता दिसायची, ती आपल्याला दिसत नाही, म्हणून पॉलिस्टरचं काळं त्यात लाल व्हायचं. नव्याला आत चाळणी बसवलीय. मग तो खो खो हसला आणि म्हणाला, बिचारा मास्तर.

मी दोन्ही फोटो कागदावर काढले, एक जुन्या कॅमेऱ्याचा, एक नव्याचा, आणि पुढच्या सुट्टीला चलथाणला गेलो. कारखान्याचा सीझन सुरू होता, रस्ताभर उसाची पाचट पडलेली. चिंधाभाऊ बैलगाडीपाशी उभा राहून मोळ्या खाली टाकत होता. मला बघून थांबला नाही. मोळ्या संपल्या तेव्हा धोतराला हात पुसत आला. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, मी दोन्ही कागद त्याच्या हातात दिले आणि भडाभडा सगळं बोललो. दिवा, उष्णता, चाळणी. भाऊ, तुझी चूक नव्हती, कॅमेऱ्याची होती. बोलता बोलता मला रडू आलं. खरं सांगतो, मला हलकंही वाटायला लागलं होतं.

त्यानं दोन्ही कागद उन्हात धरले. सवयीनं अंगठ्यानं चोळून बघितले, कापड चोळावं तसे. मग माझ्या हातात परत दिले.

“काळी व्हती, हाई मले काय सांगस? मीच तं रंगाडी ती,” तो म्हणाला. “जेले माहीत नही, त्याले दखाड.”

ज्याला माहीत नाही त्याला दाखव, एवढंच सांगून दुसऱ्या गाडीकडं गेला.

शेठ अजून ठणठणीत आहेत. रोज अकराला पेढीवर येतात. चिंधाभाऊला काढल्यापासून मिलमधून नवा रंग आला की पास करायला मलाच बोलावतात. म्हणतात, भटूची नजर पक्की आहे. मी कापड चिमटीत धरतो, खिडकीकडं करतो आणि रंग सांगतो, आणि बरोबर सांगतो. ते दोन कागद माझ्या टेबलाच्या खणात आहेत. टेबलापासून शेठची गादी दहा पावलांवर आहे, आणि मी अजून गेलेलो नाही.