कुरणाचं दूध

गावातल्या साऱ्या पोरांची वजनं मी घेते, आणि सगळ्यात हलकी पोर माझ्याच घरातली. सांगा आता, अंगणवाडी सेविकेनं तोंड कुठं लपवायचं?

पुनम माझ्या दिराची, स्वप्नीलची मुलगी. तो आणि माझी जाऊ, दोघंही सुरतला कामाला. पोर इथं आजीजवळ, म्हणजे माझ्या सासूबाईंजवळ. आम्ही वेगळे राहतो, मधे एक भिंत. पुनमला तिसरं वर्ष लागलं तरी तिचा दंड माझ्या दोन बोटांत मावतो. मागच्या वजनाला पर्यवेक्षिकाबाई स्पष्टच बोलल्या, "सुलक्षणाताई, पुढच्या वेळेपर्यंत वजन वाढलं नाही तर हिला धुळ्याला दवाखान्यात भरती करावं लागेल. साधा ताप आला तरी हिला झेपणार नाही." तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

बाकीचे मात्र निवांत. सासरे झुलालनाना दूध सोसायटीचे चेअरमन आणि कुरण समितीचे अध्यक्ष. साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर आमच्या गावाचं कुरण आहे. एके काळी तिथं नुसते दगड होते. नानांनी गाव गोळा करून चराईबंदी केली. पहिल्यांदा बकऱ्या हाकलल्या, घरोघरच्या विकायला लावल्या, कारण बकरी म्हणे कोंबच खुडून खाते. आता गवत कमरेला लागतं. ते कापून आणायचं, गायींना घालायचं, दूध डेअरीच्या गाडीत चढवायचं. नानांचं कौतुक मी नाकारत नाही. पण दावणीला दुभत्या गायी असलेल्या घरात पोर वाळत चालली आहे आणि सासू-सासरे जेवताना कुठल्या गायीच्या दुधाला किती फॅट लागलं ते बोलतात. डोक्यात तिडीक जाणार नाही तर काय?

"आई, पुनमले पुडा खावाडतस ना?" मी रोज विचारायचे. पुडा म्हणजे अंगणवाडीतून लहान पोरांसाठी मिळणारं पोषण आहाराचं पीठ. गोडसर, पाण्यात शिजवलं की झालं.

"हा व, पुडा खपी बी गया," सासूबाई म्हणायच्या, आणि मी पुढचा पुडा नेऊन द्यायचे. पुडे संपत होते आणि पोर जिथल्या तिथं. मला वाटायला लागलं, माझा वजनकाटाच बिघडला.

मागच्या आठवड्यात धुळ्याहून संघमित्रा मॅडम आल्या. गवताळ भागातली माणसं आपल्याच जमिनीवर नीट खाऊन-पिऊन राहू शकतात का, याचा त्या अभ्यास करत होत्या. नुसतं पोट भरणं नव्हे, अंगाला लागेल असं अन्न. नाना तर हरखूनच गेले. त्यांना कुरणभर फिरवलं, पवन्या गवताची काडी हातात देऊन गोडी चाखायला लावली. मग ओट्यावर बसून म्हणाले, "मॅडम, लिखी ल्या. आमनं कुरण बठ्ठा गावले पोसस."

तेवढ्यात सासूबाई मागच्या दारानं माझ्याकडे आल्या. "सुलक्षणा, दुकानमाईन दूधनी पिशवी लई ये. पावनासले चहा करना शे."

"घरमा दूध नही?"

"सकायनं बठ्ठं डेअरीमा गय ना."

मी कपाळावर हात मारून घेतला. मागे गायी हंबरताहेत आणि पाहुण्यांच्या चहाला कुठल्या तरी शहरातून गाडीत बसून आलेलं दूध. आणली पिशवी. काय करणार?

चहा झाला. मॅडम गोठ्यात आल्या आणि सासूबाईंना विचारलं, "आजी, गवताशिवाय गायींना काय देता?"

नाना असताना सासूबाईंना कोणी काही विचारत नाही. त्या खुलल्या. घमेलं पुढं ओढून सांगायला लागल्या, "सरकी ढेप देतस, मीठ देतस. आनी हाऊ पुडा." त्यांनी गव्हाणीच्या कोपऱ्यातून पुडा काढला. मीच शुक्रवारी आणून दिलेला. त्यांनी तो घमेल्यात सरळ रिकामा केला आणि वर हातानं कालवलासुद्धा.

मी घमेल्यावर हात ठेवला. "आई, हाऊ पुडा पुनमना शे."

"पोर थुकी टाकस व," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "गाय चाटीपुसी खास. टाकी देवापेक्षा गायना पोटमा गया ते काय वाईट शे? दूध वाढस."

"आनी ते वाढेल दूध पुनमले देतस?"

त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना गायीच्या पाठीवर हात फिरवत होते. उत्तर मला मिळालं. मग मात्र मला आवरलं नाही. पोरीचं पीठ गायीला, गायीचं दूध डेअरीला, आणि पोरीला काय, कोरा चहा आणि बिस्कीट. कुरण गावाला पोसतं म्हणे! कुठल्या गावाला? इथून गाडी जिथं जाते त्या गावाला. सगळं बोलले, पाहुण्यांसमोर बोलले.

"पावनासना म्होरे शोभस का हाई?" नाना गरजले. "चेअरमनना घरना कॅन कमी भरना ते लोके काय म्हनतीन?"

"नात कमी भरनी ते चाली का?"

मॅडमना अवघडल्यासारखं झालं असणार, पण त्यांनी सासूबाईंना हळूच विचारलं, "आजी, पूर्वी घरातली पोरं कुठलं दूध प्यायची?"

"बकरीनं," सासूबाई म्हणाल्या. "ते डेअरी लेत नही. मंग घरमाच ऱ्हाये. स्वप्नील त्यानावरच मोठा व्हयना."

नानांचा गायीवरचा हात थांबला. बकऱ्या कोणी हाकलल्या ते साऱ्या गावाला माहीत आहे. मला त्या क्षणी त्यांची दया यायला हवी होती, पण नाही आली. एवढा शहाणा माणूस, गवताची काडी न् काडी ओळखतो, आणि घरातली पोर दिसत नाही?

मॅडम गेल्या. संध्याकाळी धार काढायच्या वेळी मी मुद्दाम गोठ्यात जाऊन उभी राहिले. नाना मुकाट्यानं दूध काढत होते. बादली कॅनमध्ये ओतायला उचलली तेव्हा मी स्टीलचा पेला आडवा धरला.

"गाडीना टाइम व्हयना," ते पुटपुटले.

"व्हवू द्या."

त्यांनी पेला भरला. कोमट, फेसाळलेलं दूध. पुनम उंबऱ्यात उभी होती. मी पेला तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, "पी बेटा."

तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"पी ना. दूध शे."

"नही," ती म्हणाली. "डेअरीनं शे."

"नही व, तुले शे."

"नाना मारी."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. नानांनी बादली खाली ठेवली. ते तिच्यापुढं येऊन उकिडवे बसले, माझ्या हातातला पेला घेतला. "नही मारस मी," ते म्हणाले. "तुनं शे हाई. तुनंच शे. पी."

पुनमनं पेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. बाहेर रस्त्यावर डेअरीच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"नाना, गाडी उनी," ती म्हणाली, आणि कॅनला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभी राहिली.