फ्रीजसाठी उतार

"सावकाश! ओरखडा पडला तर पोरीच्या सासरची माणसं माझ्या तोंडात शेण घालतील!" हाजी अब्दुलमौला ओरडले.

त्यांचा धाकटा भाऊ शौकी चाकांच्या खुर्चीवर बसून खिडकीतून बघत होता. दारातल्या पायऱ्यांवर जाड फळ्यांचा उतार घातला होता, त्यावर गोणपाट. त्यावरून पुतणीचा, हदीरचा, नवा फ्रीज नवरदेवाच्या ऐटीत रस्त्यावर उतरत होता. खाली टेम्पो, ढोल, बायकांच्या किलकाऱ्या. मुलीचं सामान मन्सूरा शहरात असंच वाजतगाजत सासरी जातं आणि गच्च्यांवरून बायका ते डोळ्यांनी तोलतात. वर्षभर ते सगळं शौकीच्याच बैठकीत रचलेलं होतं. वरच्या मजल्यावर हाजींना अडचण नको म्हणून.

शौकीने जन्मभर शाळेची बस चालवली. मग साखरेच्या रोगाने पाय नेला. तेव्हापासून तो फक्त दवाखान्यासाठी बाहेर पडे, तेही शेजाऱ्यांनी पोत्यासारखा उचलून. दार दोघा भावांचं सामाईक, म्हणून त्याने हाजींना उतार बांधू का विचारलं होतं.

"वेडा झालास? हदीरला बघायला येणारे म्हणतील, रोग रक्तातच आहे यांच्या. तिचं जमू दे, मग संगमरवरी बांधून देतो."

जमलं. मग म्हणाले, लग्न पार पडू दे. शौकीने मान हलवली. थोरल्या भावापुढे आवाज चढवायला तो कधी शिकलाच नाही, आणि त्याची फळं भोगत बसला.

"फ्रीजचं रक्त चांगलं दिसतंय," तो बायकोला म्हणाला.

"मुनीरचे बाबा, आजच्या दिवशी तरी कडू बोलू नका," इन्साफ म्हणाली. तिला बायकांबरोबर हदीरच्या नव्या घरी पडदे लावायला जायचं होतं. "जेवण झाकून ठेवलंय. संध्याकाळी येतेच."

शेवटच्या टेम्पोवर सगळे दोर आवळत होते, तेव्हा शौकीने दार उघडलं. कोणाचंच लक्ष नव्हतं. तळवे चाकांवर घट्ट दाबत, जीव मुठीत धरून तो उतारावरून खाली आला. एकटा! मागे न बघता तो थेट कोपऱ्यावरच्या अश्रीच्या चहाच्या दुकानापर्यंत गेला.

"उस्ताद! आभाळातून पडलात की काय?" अश्री म्हणाला.

"का? चालत आलो!"

दोघे पोट धरून हसले. पुदिन्याचा चहा झाला, डॉमिनोचा डाव झाला, भांडण झालं. शौकी हरला, तरी त्याला वाटलं, आपल्यासारखा सुखी माणूस आज गावात नसेल. उद्या परत यायचं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

"सोडायला येऊ?"

"कशाला? माझं घर मला माहीत आहे."

घरापाशी आला तर पायऱ्या उघड्या होत्या.

"फळ्या टेम्पोत घातल्या, शौकीभाऊ!" समोरच्या गच्चीवरून शेजारीण म्हणाली. "तिकडे चढवायला नकोत का? तुम्ही बाहेर कसे? माणसं बोलावू उचलायला?"

"नको. वारा खातोय जरा," शौकी म्हणाला.

त्याने पायऱ्यांकडे पाठ केली आणि खुर्ची रस्त्याकडे वळवली. सामानाची वरात पाहिलेली माणसं परतत होती.

"मुबारक, शौकी! किती थाटाचं सामान! अल्लाह सुखी ठेवो पोरीला!"

"तुमच्या पोरींनाही असंच लाभो," तो प्रत्येकाला हसून म्हणत होता. बघणाऱ्याला वाटावं, थोरल्याच्या वतीने पाहुण्यांसाठीच दारात बसलाय.

ऊन गेलं. गारठा पडू लागला, तरी कोणी परतलं नव्हतं. फ्रीजला लागू नये म्हणून अंथरलेलं गोणपाट तेवढं खालच्या पायरीशी पडलं होतं. शौकीने वाकून ते ओढलं, कापलेल्या पायावर नीट पांघरलं आणि येणाऱ्या माणसाच्या सलामाला उत्तर दिलं.