कॉम्प्युटरचा पोळा

माझं डोकं लवकर तापते, हे आमच्या करडी गावात सगळ्याइले माहीत आहे. पण त्या पोळ्याले कॉम्प्युटर माझ्याहून जास्त तापला होता, अन् सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मी डिंपल, नागपूरले केमिस्ट्रीत पीएचडी करते. तांदळातल्या स्टार्चचा रेणू गरम पाण्यात कसा उलगडते, ते मले दाखवाचं होतं. रेणू कोणाले दिसत नाही. म्हणून कॉम्प्युटर एकेक अणू कुठं सरकला ते काढते अन् थोड्या थोड्या वेळानं सगळ्याइचा फोटो घेऊन ठेवते. ते फोटो एकामागं एक लावले का फिल्म होते. सोमवारी माझ्या गाइड सरले ही फिल्म दाखवली तं बंगलोरच्या परिषदेले मी जाणार. नाही तं माझ्याच लॅबमधला प्रफुल्ल. प्रफुल्लची फिल्म तयार होती, अन् तो रोज फोन करून माझी चौकशी करे. मोठा काळजीवाला.

हॉस्टेलात पाण्याचा हिटर लावला तरी वॉर्डन बोंबलते. म्हणून कॉम्प्युटर घरी आणला, धानाच्या पोत्याइजवळ मांडला अन् सुरू करून दिला. आठवडाभर तो थांबला नाही अन् मीही त्याच्यापुढून उठली नाही. मधातच फाइल उघडली तं मशीन अडकते, म्हणून नुसते आकडे सरकताना पाहत बसाचं.

बाबा रोज येऊन मागं उभे राहत. एकदा मी त्याइले जुनी, नमुन्याची फिल्म दाखवली.

"हे काय करून राहिले?"

"हालून राहिले."

"कोठं चालले?"

"कोठंच नाही."

"मंग थांबत काहून नाही?"

"अणू कधीच थांबत नाही, बाबा."

बाबानं कॉम्प्युटरच्या डब्याले हात लावून पाह्यला अन् निघून गेले.

पोळ्याच्या सकाळी मी आंघोळ करून आली तं पंख्याचा आवाज बंद. स्क्रीन काळा. डब्याच्या दोन्ही बाजूले हळद-लोणी चोळलेलं, वर झेंडूचं फूल, पुढं पळसाच्या पानावर एक करंजी. पिन भिंतीतून काढून वायर नीट गुंडाळून ठेवली होती.

"बाबा, हे कोणं केलं?"

"मी केलं. आज कोणाले जुंपत नाही."

"तो बैल नाही."

"कामाले तं लावला ना? किती दिवसाचा तापून राहिला. बैल असा तापला असता तं मी डॉक्टर बोलावला असता."

मंग मी जे बोलली ते बापाले बोलाचं नसते. आई करंज्या तळता तळता थांबली. मले रडूही आलं, पण ते रागाचंच होतं. बाबानं सगळं ऐकून घेतलं अन् बैल धुवाले तलावावर गेले.

मी पिन लावली. बंद होईपर्यंतचे फोटो जपून होते. मशीन थांबलंच होतं, तं म्हटलं आता फाइल उघडून पाहू. फिल्म सुरू झाली. रेणू वळवळला, एका बाजूनं पाणी आत शिरलं, अन् गुंडाळी सुटली. पूर्ण सुटली. मी त्या फोटोची वेळ पाह्यली. परवा दुपारची होती. म्हणजे परवापासून कॉम्प्युटर उलगडून झालेल्या रेणूचेच फोटो काढत होता, अन् मी त्याच्यापुढं बसून होती. आई जेवाले हाका मारून थकली, तेव्हाही.

फिल्म पेनड्राइव्हवर घेतली. पिन माझ्याच हातानं काढली.

संध्याकाळी पोळा फुटला, तोरणाखाली जमलेले बैल घरोघरी निघाले, अन् बाबा बैल घेऊन दारात आले. आमच्या घरी बैलाइचे पाय पोरीनं धुवाचे असते. पीएचडीले लागल्यापासून मी पोळ्याले घरी नव्हती, अन् यंदा घरी असूनही उठली नसती. हे मले तिथं, तांब्या हातात घेतल्यावर समजलं, अन् लाज वाटली.

"फिल्म झाली, बाबा."

"बरं झालं."

"सकाळी मी जे बोलली..."

"धाकल्या बैलाचा मागचा पाय राह्यला."

मी पाय धुतला, कुंकू लावलं. घास द्याचा तं ताट आतच राहून गेलं होतं. मी घाईत जाऊन कॉम्प्युटरपुढची करंजी उचलून आणली अन् बैलापुढं धरली. बाबानं माझा हात धरला.

"ती नको देऊ, माय. ती त्याची हाय."

मी आत गेली अन् करंजी होती तिथं, पळसाच्या पानावर ठेवून आली.