दुसऱ्या बाजूची सही

तिने शेवटच्या खोक्याची सुतळी कापली आणि वरची फाइल काकांच्या पुढ्यात सरकवली. काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, क्रमांक वाचला आणि यादीत खूण केली. दुपारी अभिलेखागाराची गाडी येणार होती. वडिलांचे सगळे कागद तिच्यातून जायचे होते.

काका नात्याने कुणीच नव्हते. ते वडिलांचे लघुलेखक. वडील वकिलातीत नवे होते तेव्हापासूनचे; राजदूतपद सोडून ते निवडणुकीला उभे राहिले, तेव्हाही मागोमाग आलेले.

"पक्षातले लोक हसायचे," काका म्हणाले. "म्हणायचे, तुमचे साहेब घोषणासुद्धा परिच्छेदाला क्रमांक घालून देतात."

"घरीही तेच. शाळेतून यायला उशीर झाला की कारणं क्रमवार सांगावी लागायची."

हसू तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथूनच परतलं. वडील जाऊन अठरा दिवस झाले होते.

वडिलांची एक रीत होती. कुणाशी महत्त्वाचं बोलणं झालं की त्याच दिवशी त्याचं टिपण करायचं. कोण काय म्हणालं, नेमक्या कोणत्या शब्दांत. खाली दोन सह्यांच्या जागा, एक आपली, एक दुसऱ्या बाजूची. समोरच्याला काही खटकलं तर त्याने समासात दुरुस्ती करायची. दोन्ही सह्या झाल्या की नोंद कायम. मग तिच्यातला स्वल्पविरामही हलायचा नाही. एका मंत्र्याने अशा नोंदीतला एक शब्द बदलायला सांगितला, तेव्हा वडिलांनी शब्द राखला आणि पद सोडलं. पुढची निवडणूक ते त्या एका शब्दावर जिंकले.

तळाच्या फाइलीवर क्रमांक नव्हता. आत एकच कागद होता. तारीख पाहताच तिने खुर्ची ओढून घेतली. बारा वर्षांपूर्वीची, त्याच निवडणुकीतली. आई इस्पितळात होती आणि वडील प्रचारात.

"मुलीशी फोनवर झालेले संभाषण. १. आईची शुश्रूषा नीट चालू असल्याचे मुलीने सांगितले. २. सभा सोडून लगेच यावे का, असे विचारले असता, धावपळ करू नये, प्रकृतीस जपावे, असे तिने सुचवले. ३. तिचा स्वर मृदू होता."

खाली वडिलांची सही. शेजारची जागा कोरी.

तिने कागद टेबलावर ठेवला, त्याचे कोपरे सरळ केले, पुन्हा उचलला. इस्पितळाच्या जिन्यात उभी राहून ती जे बोलली होती, ते तिला अजून शब्दन् शब्द पाठ होतं. 'येऊ नका. आईच्या उशाशी फोटो काढून घ्यायची हौस असेल तरच या.'

ते आले नव्हते. तिसऱ्या दिवशी आई गेली. त्या वाक्याचा विषय दोघांपैकी कुणीच पुन्हा काढला नाही.

"काका, हे खोटं आहे. सुटका करून घेतली त्यांनी स्वतःची."

काकांनी यादीवरून मान वर केली नाही. "तीनदा टाइप करायला लावलं होतं, ताई. पहिल्या खेपेला तुमचं बोलणं जसंच्या तसं होतं."

"मग?"

"मी म्हटलं, साहेब, आपण कधी बदलत नाही. तर म्हणाले, 'उद्या माझे कागद कुणीतरी वाचणार. तिची मुलंही वाचतील.' आधीचे दोन्ही मसुदे त्यांनी स्वतः फाडले."

"मला का नाही दाखवलं?"

"दर वर्षी विचारायचो, सहीला पाठवू का म्हणून. म्हणायचे, राहू दे. माझीच मुलगी ती, दुरुस्ती करील."

फाटकापाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. तिने पेन उघडलं. डाव्या हाताला रुंद, कोरा समास होता. पेनाचं टोक त्याच्यावर बराच वेळ तरंगत राहिलं. मग तिने हात खाली आणला आणि वडिलांच्या सहीशेजारी आपली सही केली.

"तारीख?" काकांनी विचारलं. "त्या दिवसाची घालायची?"

"आजची. ती तरी खरी असू दे."

कागद फाइलीत गेला, फाइल खोक्यात गेली. काकांनी नवी सुतळी घेऊन खोक्याला दोन वेढे दिले.

"पहिल्या मसुद्यातलं ते वाक्य तुमच्या लक्षात आहे, काका?"

"कुठलं?" काका म्हणाले. "जरा इथे बोट धरा."

तिने गाठीवर बोट धरलं. काकांनी सुतळी आवळली.

"ताई, बोट काढा."

तिने ते लगेच काढलं नाही.